चौकटींच्या वहीतला ऑस्ट्रेलिया

गाडी भाड्याची होती आणि प्रत्येक वळणावर माझ्या हातून वायपर चालू होत होता. पाच वर्षं मेलबर्नमध्ये उजव्या बाजूला बसून चालवायची सवय झालेली. तिथे ज्या हाताला इंडिकेटर, त्याच हाताला इथे वायपर. डिसेंबरातलं मस्कत, आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि कोरड्या काचेवर रबराची खरखर.

"आई," सई म्हणाली, "पाऊस नाहीये."

"माहीत आहे मला."

"ओके. जस्ट सांगितलं."

गाला या गॅरेजांच्या भागात शिरलो आणि वास आधी आला. तापलेलं रबर, रंगाचा फवारा, वेल्डिंगचा जळका वास, आणि या सगळ्यावर कुठल्यातरी कचेरीतून येणारा लोबानचा धूर. माझा नवरा हेमंत घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला हाच वास असायचा. इथल्याच एका ट्रेडिंग कंपनीत तो सुट्या भागांचे हिशेब ठेवायचा. मी गाडी उभी केली, पुन्हा पुढे घेतली, पुन्हा मागे. एका जागी थांबवेना. मस्कतला उतरल्यापासून माझं असंच चाललं होतं. हॉटेलच्या खोलीतही मी खुर्ची तीनदा हलवली होती.

मी आले होते एका वहीसाठी.

मेलबर्नच्या थंडीत, एका संध्याकाळी भांडी पुसताना सईने विचारलं होतं, "बाबा खरंच फनी होता, की तू म्हणतेस म्हणून?"

"होता," मी म्हणाले.

"मग एक सांग ना. एक एक्झाम्पल."

मी सांगायला गेले. पण मी गणिताची शिक्षिका. विनोदही पायरीपायरीने सांगते, आणि शेवटच्या पायरीपर्यंत हसू उरत नाही. सईने सगळं नीट ऐकून घेतलं, "ओके," म्हणाली आणि फडकं वाळत घातलं. तो गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्याचा आवाज तिला आठवत नाही, हे तिने मला कधी सांगितलेलं नाही. पण माझ्या लक्षात आलंय. त्या रात्री मला वहीची आठवण झाली, आणि ती कुठे राहिली याचीही.

आम्ही तेव्हा मस्कतमध्येच, बौशरला राहायचो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मागे उघडेबोडके तपकिरी डोंगर, पुढे रस्ता. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापायच्या की गार पाण्याच्या नळाला हात लावता येत नसे. मग आम्ही गीझर बंद ठेवायचो आणि त्यातलंच पाणी गार म्हणून अंघोळीला घ्यायचो. मेलबर्नमध्ये हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. पहाटे पाण्याचा टँकर यायचा, त्याची मोटर घरघरायची. एसीचं पाणी खालच्या डब्यात टप टप पडायचं. ते आवाज बंद झाल्यावर मला मेलबर्नमध्ये कितीतरी महिने झोप नीट लागली नाही.

ज्या वर्षी सुट्टीचे वार गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार झाले, त्याच वर्षी आम्ही ऑस्ट्रेलियाचा अर्ज केला. हौस त्याची, अर्ज माझ्या नावाने. तिथे गणिताच्या शिक्षकांना मागणी होती. मला जायचं नव्हतं. मला कुठेच जायचं नसतं. पुस्तक आणि दिव्याखालची खुर्ची मिळाली की माझं भागतं.

हेमंतने मात्र दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला.

त्याचा एक जुना सहकारी, राजू, आधीच मेलबर्नला गेला होता. दर शुक्रवारी सकाळी त्याचा फोन यायचा. राजू तिकडची एकेक गोष्ट सांगायचा, आणि हेमंत माझ्या शाळेतली चौकटींची वही उघडून त्यावर क्रमांक टाकून ती लिहून घ्यायचा. गणिताच्या वहीत एका चौकटीत एक आकडा लिहायचा असतो. त्याने एका चौकटीत एक अक्षर लिहिलं. का, विचारलं तर म्हणाला, "तिकडे शिस्त फार आहे म्हणे."

आणि मग तो ते ओमानमध्ये करून बघायचा.

रुवीच्या बाजारातून त्याने तीन बादल्या आणल्या. लाल झाकणाची, पिवळ्या झाकणाची, हिरव्या झाकणाची. लाल म्हणजे घरातला कचरा, पिवळं म्हणजे कागद-डबे, हिरवं म्हणजे बागेतला पालापाचोळा. आम्हाला बाग नव्हती. हिरव्या बादलीत कोथिंबिरीच्या काड्या आणि तुळशीची वाळकी पानं जायची. आठवड्यातून एकदा तो तिन्ही बादल्या लिफ्टने खाली न्यायचा आणि कोपऱ्यावरच्या पालिकेच्या एकाच मोठ्या पिंपात एकामागून एक उलट्या करायचा.

"अरे, सगळं एकत्रच झालं की!" मी वरून, गॅलरीतून.

"कचरा एकत्र झाला," तो खालून ओरडला. "सराव वेगवेगळा झाला."

छोट्या भाड्याच्या व्हॅनमधून उतरताना तो ड्रायव्हरला मोठ्याने थँक यू म्हणू लागला, कारण मेलबर्नमध्ये बसमधून उतरताना म्हणतात. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा ड्रायव्हरने शंभर फूट पुढे गेलेली व्हॅन मागे घेतली, काच खाली केली आणि काळजीने विचारलं, "क्या भूल गया?" पेट्रोल पंपावर तो खाली उतरून स्वतः पेट्रोल भरायला निघाला, तर तिथल्या मलबारी माणसाने नळी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "साब, मेरी नौकरी है ये." तिकडे साहेबालाही पहिल्या नावाने हाक मारतात म्हणून त्याने एकदा आपल्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, नुसतं "सालेम" म्हटलं. अर्बाबने मागे वळून पाहिलं, दुसरा कोणी सालेम आला की काय म्हणून. घरी येऊन हेमंत म्हणाला, "तेहतीस नंबर स्थगित."

मी हसायचे. पण सरावात कधी भाग घेतला नाही. मला ते पोरकट वाटायचं, आणि लोक बघतात याचा संकोच. "तुझं चालू दे," एवढंच म्हणायचे.

मग एक जून महिना आला. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तिघांचे अर्ज होते, दोघींचे व्हिसे आले.

निघण्याआधी गाडी विकली, ती इब्राहिमभाईंना. सराव रस्त्यावरचा, म्हणून वही कायम गाडीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात असायची. किल्ली देताना तो कप्पा मी उघडला नाही. माझ्याने उघडवला नाही. पुढे विमानात, पोटाशी पट्टा बांधल्यावर, लक्षात आलं.

इब्राहिमभाई श्रीवर्धनकडचे. गालामधलं त्यांचं गॅरेज होतं तिथेच होतं, फक्त पाटी नवी. दाढी पांढरी झाली होती. मला पाहून हातातला पाना खाली ठेवायचा राहिला.

"वहिनी! कधी आलाव तुमी? आणि ही सई? या अल्ला, केवढी झाली वो पोरगी! बसा, बसा. चहा सांगतो."

"चहा नको इब्राहिमभाई. ती गाडी…"

"गाडी नाय आता हितं. रुस्ताकला दिली, एका मास्तराला. गाडी काय करताव?"

मी वहीचं सांगितलं. त्यांनी पाना टेबलावर ठेवला आणि सईकडे वळले. "तुला ठावं आहे काय गो, तुजा बापूस हितं येऊन काय करायचा? गाडी दुरुस्त झाली की माझ्या सगळ्या पोरांना, पठाण, बंगाली, सगळ्यांना एकेक करून थँक यू बोलायचा. मी बोललो, हेमंतभाई, अशानं हे पगार वाढवून मागतील! तर मलाच बोलला, थँक यू."

सई हसली. तोंडाने थोडी, डोळ्यांनी जास्त. मग तिने माझ्याकडे पाहिलं, हे मी मनाने बनवलं नव्हतं याची खात्री करून घेतल्यासारखं.

इब्राहिमभाईंनी रुस्ताकला फोन लावला. अरबी, हिंदी आणि हातवारे असं बराच वेळ चाललं. "गाडी हाये. तुमी उद्या जा. वहीचं काय कळत नाय, तो बोलतो, इन्शाल्ला."

इन्शाल्ला या शब्दाने मस्कतमध्ये मी सहा वर्षं काढली. त्याचा अर्थ हो होतो, नाही होतो, आणि पुष्कळदा नुसतं उद्या. त्या रात्री मला झोप नव्हती. पाच वर्षं माणूस आपल्या गाडीत परक्याची वही कशाला ठेवील? कागदाचा उपयोग काय काय होतो. काच पुसायला. मुलांना होड्या करायला.

रुस्ताकचा रस्ता लांब. डोंगर आधी निळे, मग जवळ येत येत तपकिरी. खजुरीच्या बागा, मातीच्या भिंती, मधूनच एक हिरवागार घुमट. मी वायपर लावत होते आणि बंद करत होते.

"आई, ती वही… लाइक, नाही मिळाली तर?"

"तर नाही मिळाली."

"तू नीट ब्रीद करत नाहीयेस."

"करतेय."

आमची गाडी घराच्या कुंपणाबाहेरच उभी होती. पांढरी, आता थोडी पिवळट. मागच्या दारावरचा बौशरच्या पार्किंगमधल्या खांबाचा ओरखडा तसाच. मी त्याला हात लावला आणि काढून घेतला. पत्रा तापलेला होता.

मास्तर बाहेर आले. उंच, अंगात पांढरी पायघोळ डिशडाशा, हळू बोलणारे. आधी कॉफी. त्यांच्याकडे आधी कामाचं बोलत नाहीत. छोट्या पेल्यातली वेलचीची कॉफी, खजूर, ताटलीत हलवा. पेला हलवून 'पुरे' म्हणायचं असतं, ते मी विसरले होते, म्हणून पेला भरतच राहिला. सई चौथ्या पेल्यानंतर कुजबुजली, "आई, हलव ना." मग मी हलवला.

मास्तर आत गेले. परत आले तेव्हा दोन्ही हातांवर काहीतरी धरलेलं होतं. स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं.

"गाडी में था," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "हाथ से लिखा. नंबर, नंबर. मैं नहीं पढ़ सकता, लेकिन मालूम है, दुआ का किताब. नीचे नहीं रखा कभी." त्यांनी हाताने वरची फळी दाखवली, जिथे त्यांची पवित्र पुस्तकं होती. "ऊपर रखा. इधर अपना किताब, बाजू में आपका किताब."

मी ते दोन्ही हातांनी घेतलं. कापड उघडलं. चौकटींची वही. पहिल्या पानावर, एका चौकटीत एक अक्षर:

'१. कोणी "कसे आहात" विचारलं तर तब्येत सांगत बसायचं नाही. आपण गुडघ्यापर्यंत येईतो माणूस पुढे गेलेला असतो.'

त्या भल्या माणसाने पाच वर्षं हे धर्मग्रंथाशेजारी, फळीवर, कापडात जपलं होतं. मला हसू येत होतं आणि ते यायला नको होतं, समोर ते इतक्या आदराने उभे होते. मी छातीला हात लावून शुक्रन म्हटलं. थँक यू नाही.

परतीच्या रस्त्यावर सई वाचत होती. तिला मराठी अक्षरं बोट ठेवून वाचावी लागतात, आणि हेमंतच्या चौकटींमुळे तेच सोपं झालं होतं. प्रत्येक अक्षर सुटं.

"'चार. कुठल्या रंगाचं झाकण कधी बाहेर ठेवायचं हे कोणालाच ठाऊक नसतं. पडद्या… पडद्याआडून शेजारी बघायचा आणि तेच ठेवायचं.'" ती थांबली. "आई! हे आपण करतो!"

"करतो."

"'बारा. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने. हा सराव मस्कतमध्ये करू नये.'"

मी गाडी चालवता चालवता हसले. वायपर लागला.

"'पंधरा. वसंत ऋतूत एक काळापांढरा पक्षी डोक्यावर झडप घालतो. लोक हेल्मेटवर प्लास्टिकच्या काड्या लावून सायकल चालवतात. कंसात: हे खोटं असावं. राजू थट्टा करतो.'" सईने वही मांडीवर आपटली. "पण हे खरं आहे! बाबाला माहीत नव्हतं? हे तर एकदम खरं आहे!"

"त्याला कसं माहीत असणार?"

"'अठरा. सुपरमार्केटमध्ये अनवाणी माणूस दिसला तर त्याला पैसे देऊ नयेत. तो हौसेने अनवाणी असतो. बावीस. शनिवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर पावात सॉसेज घालून देतात. खिळे आणायला गेलेला माणूस जेवून येतो.'" आता ती इतकी हसत होती की बोट ओळीवरून सरकत होतं. "'तीस. एका दिवसात चार ऋतू. स्वेटर, छत्री, गॉगल, मलम. घरातून निघायलाच पाचवा ऋतू लागेल.'"

मग हसणं थांबलं आणि तिने बॅगेतून पेन काढलं. मला कडेच्या नजरेने दिसलं. तिने पंधरा क्रमांकापाशी, त्याच्या अक्षरांच्या अगदी बाजूला, काहीतरी लिहायला सुरुवात केली.

"सई, काय करतेयस?"

"करेक्ट करतेय."

"नको!"

माझा आवाज इतका मोठा निघाला की ती दचकली. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बाजूला खजुरीची बाग, पाटाचं पाणी वाहत होतं, त्याचा बारीक आवाज. त्या वहीत त्याच्या हाताची तेवढीच अक्षरं उरली आहेत, त्यात दुसरं काही मिसळायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला वही हिसकावून घ्यायची होती, कापडात बांधायची होती, फळीवर ठेवायची होती.

"पण त्याला वाटलं राजूकाका जोक करतोय," सई म्हणाली, हळू, तिच्या अडखळत्या मराठीत. "कोणीतरी त्याला सांगायला पाहिजे ना."

मी हात पुन्हा स्टीअरिंगवर ठेवले. मग गाडी सुरू केली. वही मागितली नाही. शेजारून पेनाचा आवाज येत राहिला, थांबून थांबून, बरका गावापर्यंत.

बौशरला पोचलो तेव्हा उन्हं डोंगरावर चढली होती. आमच्या जुन्या इमारतीखालचं चहाचं दुकान अजून होतं. मस्कतमध्ये अशा दुकानात कोणी उतरून जात नाही. गाडी समोर लावायची, हॉर्न वाजवायचा, मोईदू नावाचा तिथला चहावाला येऊन काचेतून विचारतो, आणि कडक चहा गाडीत येतो. हेमंतच्या वहीतला अकरावा नियम होता: 'हॉर्न वाजवायचा नाही. तिकडे तो शिवीसारखा समजतात. रांगेत उभं राहायचं.' म्हणून तो एकदा, ऐन मे महिन्यात, गाडीतून उतरला आणि दुकानासमोर रांगेत उभा राहिला. रांगेत तो एकटाच होता. मोईदूला कळेना, हा माणूस कोणाची वाट बघतोय. दोन मिनिटं गेली. शर्ट पाठीला चिकटला. मी एसीत बसून पुस्तक वाचत होते, वाचवेना. मी बाजूच्या सीटवरून हात लांब केला आणि हॉर्न दाबला. मोईदू ताडकन उठला, हेमंतच्या बाजूने पळत गाडीशी आला आणि मला विचारलं, "कितना?"

रांगेत उभा असलेला हेमंत वळला. मला वाटलं, चिडेल. तो कमरेवर हात ठेवून इतका हसला की दुकानातली माणसं बाहेर आली. त्या सगळ्या सरावात मी भाग घेतला तो तेवढाच.

हे मी सईला त्या संध्याकाळी भांडी पुसताना सांगितलं होतं. पायरीपायरीने. ती हसली नव्हती.

आता मी गाडी दुकानासमोर लावली. सईने दार उघडलं.

"कुठे चाललीस?"

"अकरा नंबर," ती म्हणाली.

ती उतरली आणि दुकानासमोर उभी राहिली. सरळ, हात बाजूला, आपल्या पुढे कोणी आहे असं समजून थोडं अंतर सोडून. रांगेत एकटीच. आतून मोईदू बघत होता. त्याचे केस आता मेंदीने लाल झाले होते. ही मुलगी कोणाची वाट बघतेय, हे त्याला कळत नव्हतं. तिची मान थोडी डावीकडे कललेली. हेमंतचीही अशीच कलायची, मी विसरले होते.

दोन दिवसांत पहिल्यांदा माझे हात जागेवर होते. मी हॉर्न दाबला.

मोईदू ताडकन उठला, सईच्या बाजूने पळत आला आणि काचेतून म्हणाला, "कितना?"

"आई!" सई ओरडली, आणि कमरेवर हात ठेवून हसायला लागली.

चहा आला. कप डॅशबोर्डवर ठेवून तिने वही उघडली. शेवटचा क्रमांक हेमंतने घालून ठेवला होता, पुढे ओळ कोरी होती: '४१.' त्याखाली बारीक अक्षरात, 'हा तिथे गेल्यावर.'

सईने बराच वेळ पेन चावलं. मग एका चौकटीत एक अक्षर, सावकाश, जीभ दातांत धरून लिहिलं. मला वही दाखवली तेव्हा चहावर साय आली होती.

'४१. मस्कतमध्ये रांग लावू नये. आई हॉर्न वाजवते.'